मुलाने हात उचलला, बाबांना सांगू का?

पुण्यातल्या सिंहगड रोडवरून एका आईचं पत्र आलंय. पाच पानी, फुलस्केपवर. थोडक्यात असं: मुलगा सतरा वर्षांचा, अकरावी सायन्सला, क्लास टिळक रोडला. आई पतसंस्थेत नोकरीला, वडील चाकणला शिफ्टमध्ये. घरात सासूबाई. दीड महिन्यापूर्वी रात्री एक वाजता आईने मोबाइल काढून घेतला, तेव्हा मुलाने तिचा हात पिरगळून तो परत घेतला. मनगट सुजलं. शेजारी आणि ऑफिसात 'बाथरूममध्ये घसरले' म्हणून सांगितलं, नवऱ्यालाही तेच. त्याआधी दोनदा ढकलून झालंय, एकदा स्टीलचा डबा भिरकावलाय. लहानपणी वडिलांनी या मुलाला पट्ट्याने, हँगरने मारलं. नववीत असताना त्याने वडिलांचा उगारलेला हात वरच्या वर धरला, त्या दिवसापासून ते मारणं बंद. सासूबाईंना मनगटाचं खरं ठाऊक आहे. त्या म्हणतात, 'बापाला सांग, दोन ठेवून देईल, सरळ येईल.' आई विचारते: बाबांना सांगू का? पोरगं हाताबाहेर गेलंय का? आणि मोबाइलचं काय करू?

ताई,

आधी मनगट. कुकर उचलताना अजून कळ येते असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा एक्स-रे काढून घ्या. डॉक्टरांना 'घसरले' सांगू नका, 'पिरगळला' सांगा. पडून लागलेला मार वेगळा, पिळवटून लागलेला वेगळा, आणि तपासणाऱ्याला ते कळायला हवं. शिवाय खरं बोलायला कुठून तरी सुरुवात करायचीच आहे, ती परक्या माणसापाशी सोपी जाते.

आता पत्र. पाचपैकी दोन पानं तुम्ही मोबाइलवर खर्च केलीत, आणि चौथ्या पानाच्या तळाशी एक ओळ लिहून पुढे निघून गेलात: 'ह्यांनी माझ्यावर हात टाकणं तर हा पहिलीत होता तेव्हाच सोडलं, तसे मनाने वाईट नाहीत.' नवऱ्याची बाजू सांभाळायला लिहिलेली ओळ आहे ती. मला मात्र तिथून सगळं पत्र पुन्हा वाचावं लागलं. म्हणजे सहा वर्षांचा होईपर्यंत या मुलाने आईला मार खाताना पाहिलं. मग चौदा वर्षांचा होईपर्यंत स्वतः खाल्ला. मग अंगात ताकद आल्यावर एके दिवशी बापाचा हात धरला आणि मार थांबला. त्याच्या जागी बसून हा हिशेब मांडा. घरात मार कशाने थांबला? कुणी समजावलं म्हणून, कुणाला वाईट वाटलं म्हणून थांबला का? समोरच्याचा हात धरता आला म्हणून थांबला. त्याला घरात मिळालेला सगळ्यात पक्का धडा हा आहे. 'मोठ्यांवर हात उचलू नये' हे तुमचं वाक्य त्याच्यापुढे कितीसं टिकणार?

तुम्ही म्हणाल, माझ्यावर हात टाकणं बंद होऊन अकरा वर्षं झाली, त्याला काय आठवतंय! १९६१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बांडुरा यांनी बालवाडीतल्या मुलांसमोर एका मोठ्या माणसाला फुगवलेल्या बाहुल्याला बदडायला लावलं होतं. नंतर मुलांनी तो बाहुला तसाच बदडला, काहींनी तोंडाने शब्दही तेच काढले. हा प्रयोग बऱ्याच जणांच्या कानावर असतो. १९६५ चा पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही. त्यात काही मुलांना फिल्ममध्ये असं दाखवलं की मारणाऱ्याला शेवटी शिक्षा झाली. ही मुलं बाहुल्याला कमी मारत होती. मग त्यांना सांगितलं, त्याने काय काय केलं ते करून दाखव, खाऊ मिळेल. त्यांनी बाकीच्यांइतकंच नीट करून दाखवलं. शिकलेली सगळीच होती, काहींनी फक्त अजून वापरलं नव्हतं. तुमच्या मुलाचंही तसंच झालंय. घरात कुणावर हात टाकला तर चालतं हे तो सहाव्या वर्षीच शिकला, आणि ज्या व्यक्तीवर टाकल्याने काही बिघडत नाही ती व्यक्ती तुम्ही होतात. क्लासमधल्या सरांवर तो डबा फेकत नाही. बाबांवरही हात टाकत नाही. यात तुमचा दोष आहे असं मी म्हणत नाहीये. पण 'मी इतकी जीव लावते तरी माझ्यावरच का' या तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच्या आसपास आहे.

मोबाइलचा प्रसंग तुम्ही बारकाईने लिहिलाय ते बरं केलंत. 'ठेव.' 'दोन मिनिटं.' 'ठेव म्हटलं ना.' 'मॅच चालूये, मधे सोडता येत नाही.' मग तुमचा आवाज चढतो, त्याचा त्याहून चढतो, हॉलमध्ये सासूबाई खोकतात, वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवतं. तो दाराला लाथ घालतो. तुम्ही म्हणता, 'घे बाबा, घे, मर त्याच्यातच.' घर शांत. वर्षभर असं चाललं होतं असं तुम्हीच लिहिलंय. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये जेराल्ड पॅटरसन आक्रमक मुलांच्या घरी निरीक्षक पाठवायचे आणि अशी भांडणं वाक्यावाक्याने नोंदवायचे. १९८२ च्या त्यांच्या पुस्तकात या गाठीची उकल आहे. लाथ घातल्यावर मोबाइल मिळाला, मुलगा शिकला. मोबाइल दिल्यावर आरडाओरडा थांबला, आई शिकली. दोघांनाही तेवढ्यापुरती सुटका मिळते, म्हणून दोघंही पुढच्या वेळी तेच करतात, आणि दर वेळी सुरुवात एक पायरी वरून होते. त्या रात्री तुम्ही ठरवलंत की आज द्यायचा नाही. तुमचं ठरवणं योग्य होतं. पण इतके दिवस लाथेला जे मिळत होतं ते अचानक मिळेनासं झालं, तेव्हा तो लाथेच्या पुढच्या पायरीवर गेला. वर्षभर लागू पडणारी युक्ती बंद पडली की माणूस ती आधी आणखी जोरात करून बघतो. हे माहीत नसताना 'आता नमायचं नाही' म्हणून मध्यरात्री, एकटीने, त्याच्या हातातली वस्तू खेचायला जाणं धोक्याचं असतं.

मार खाऊन वाढलेल्या मुलांची आणखी एक गंमत असते, गंमत कसली म्हणा. सेथ पोलॅक या मानसशास्त्रज्ञाने २००२ मध्ये मुलांना हळूहळू स्पष्ट होत जाणारे चेहरे दाखवले. मारहाण सोसलेल्या मुलांना रागाचा चेहरा इतरांपेक्षा लवकर, अर्धवट दिसत असतानाच ओळखू आला. मार येणार हे आधी कळलं तर वाचता येतं, म्हणून त्यांची नजर तशी तयार होते. केनेथ डॉज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवलं की अशी मुलं समोरच्याच्या साध्या वागण्यातही वाईट हेतू वाचतात. तुम्ही दिवसभर काउंटरवर बसून, संतोष हॉलच्या चौकातल्या गर्दीतून घरी येता. चेहऱ्यावर दमणूक असते. तुम्ही विचारता, 'जेवलास का?' त्याला ऐकू येतं, 'अजून जेवला नाहीस?' तो फणकारतो, तुम्ही दुखावता, आणि दोघांनाही खरंच वाटतं की सुरुवात समोरच्याने केली. पत्रात 'काही न बोलता अंगावर येतो' असं तीनदा आलंय. तो खोटं नाटक करत असेलच असं नाही. त्याला त्या क्षणी खरोखर हल्ला दिसत असू शकतो. त्याने केलेलं त्यामुळे माफ होत नाही. पण 'हा मुद्दाम करतो' एवढं एकच कारण मनात धरलंत तर तुमच्या हातात फक्त शिक्षा उरते.

मनगटाच्या दुसऱ्या दिवशी त्याने न बोलता तुमच्या डब्याशेजारी मलमाची ट्यूब ठेवली, आणि ती आठवून तुम्हाला अजून रडू येतं. ट्यूब खरी आहे, त्याला वाईट वाटलंय. पण दुसऱ्या पानावर तुम्हीच लिहिलंय की मारून झाल्यावर संध्याकाळी बाबा त्याला सारसबागेत भेळ खायला न्यायचे, आणि तो हसतखेळत परत यायचा. तुमच्या घरात झाल्या गोष्टीचं नाव न घेता वर काहीतरी ठेवून द्यायची रीत आहे. भेळ तशी होती, ट्यूब तशी आहे. 'मी तुला मारलं, ते चुकलं' हे वाक्य त्याने घरात कुणाच्याच तोंडून ऐकलेलं नाही, मग ते त्याला येणार कसं? पहिल्यांदा ते बाबांच्या तोंडून यायला हवं.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर: हो, बाबांना सांगा. लपवून तुम्ही मुलाला मारापासून वाचवताय असं तुम्हाला वाटतं, आणि भीती खोटी नाही. पण लपवण्यामुळे त्याला हेही कळतं की याबद्दल आई कुणालाच सांगणार नाही. सांगताना मात्र वेळ आणि जागा निवडा. रात्रपाळी करून आल्यावर नको, घरात सासूबाईंसमोर नको. सुट्टीच्या दिवशी दोघं बाहेर पडा, माणसांच्या वावरात, तळजाईला चक्कर मारायला गेलात तरी चालेल. त्यांच्या रागाची तुम्हाला स्वतःसाठी भीती वाटत असेल, तर तुमच्या भावाला आधी सांगून ठेवा, हवं तर बरोबर न्या. आणि सांगण्याआधी त्यांच्याकडून एक गोष्ट कबूल करून घ्या: ऐकून झाल्यावर त्याच्याशी या विषयावर दोन दिवस एक शब्दही नाही. 'त्याला हात लावलात तर मी यापुढे तुम्हाला काही सांगणार नाही' असं स्पष्ट म्हणा. त्यांनी आता त्याला मारलं तर दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर सतरा वर्षांचा पोरगा उलटून मारेल आणि कुणीतरी जबर जखमी होईल. नाहीतर तो मार खाऊन घेईल, आणि ते शिफ्टला गेले की हिशेब तुमच्याकडे येईल.

नंतर बाप-लेकाचं बोलणं, दोघांचंच. लांबलचक नको. 'तू लहान असताना मी तुला पट्ट्याने मारलं. तुझ्यासमोर आईला मारलं. ते चूक होतं, तुझ्यामुळे नव्हतं. मी ते पुन्हा करणार नाही. तूही आईवर हात टाकायचा नाही.' यात 'पण तूसुद्धा' आलं की सगळं वाया. मुलगा बहुधा खांदे उडवेल, 'बरं' म्हणेल, हेडफोन लावेल. लावू द्या. बाबांना हे जड जाणार. बहुतेक त्यांनीही त्यांच्या वडिलांकडून असंच खाल्लं असेल, आणि त्यांना कुणी काही म्हटलं नसेल.

तुम्ही स्वतः काय करायचं, याबद्दल मला हैम ओमेर यांची पद्धत भरवशाची वाटते. हे तेल अवीव विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. आई-वडिलांवर हात उचलणाऱ्या, घर वेठीला धरणाऱ्या मुलांच्या पालकांबरोबर त्यांनी काम केलं, आणि पद्धतीचा गाभा चक्क गांधीजींच्या अहिंसक प्रतिकारातून घेतला. ज्या गावात येरवड्याचा तुरुंग आणि आगाखान पॅलेस आहे तिथल्या माणसांना हे इस्रायलमार्गे सांगावं लागतंय, असो. ओमेर म्हणतात, लोखंड थंड असताना घाव घाला. भांडण पेटलेलं असताना नियम, शिक्षा, उपदेश, काही नाही. 'मला हे चालणार नाही. आपण नंतर बोलू,' एवढं म्हणून खोलीबाहेर पडायचं, त्याच्या आणि दाराच्या मधे उभं राहायचं नाही, वस्तू खेचायची नाही. आणि मग 'नंतर' हे खरंच नंतर यायला हवं, एक-दोन दिवसांत, दोघंही शांत असताना. आपल्याकडे चुकतं ते इथेच. घर शांत झालं की आपण विषय काढत नाही, 'आत्ता बरा आहे ना, कशाला उकरायचं.'

त्या शांत वेळी तुम्ही दोघांनी त्याच्यासमोर बसून एक छोटा कागद वाचायचा आणि त्याच्या हातात द्यायचा. मजकूर असा काही: 'या घरात यापुढे कुणीही कुणावर हात उचलणार नाही, ढकलणार नाही, वस्तू फेकणार नाही. आम्हीही नाही. असं झालं तर आम्ही ते लपवणार नाही, मामाला आणि मावशीला सांगू. आम्हाला तुझ्याशी भांडून जिंकायचं नाही. आम्ही तुझे आई-बाबा आहोत आणि इथेच आहोत.' तो कागद फाडेल कदाचित. फाडला तरी ऐकलेला असतो. वाद घालायला लागला तर 'आम्हाला एवढंच सांगायचं होतं' म्हणून उठा. तुमच्या पत्रातली 'तुझ्यासाठी मी प्रमोशन सोडलं, तुझ्यासाठी माहेरी गेले नाही' ही यादी यात घालू नका. ती खरी आहे, पण त्याच्या कानाला ती उधारीची वसुली वाटते आणि भांडणाला नवं तोंड फुटतं.

मामा, मावशी हे ओमेर यांच्या पद्धतीतलं मोठं हत्यार आहे आणि आपल्या घरांत तर आयतं आहे. दोनच माणसं निवडा, ज्यांचं त्याला जरा ऐकू येतं. दम देणारा काका नको, 'वहिनींचं काही खरं नाही' म्हणून सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचवणारी आत्याही नको. मामाने फोन करून इतकंच म्हणायचं: 'आईच्या हाताचं कळलं मला. तू माझा लाडका आहेस, पण हे बंद व्हायला हवं. रविवारी येतोस का माझ्याकडे?' घरातली गोष्ट बाहेर गेली म्हणून तो चिडेल. चिडू दे. त्या भिंतीआडच हे सगळं वाढलंय.

'हाताबाहेर गेलंय का?' माझ्या मते, नाही. कॅथी विडम यांनी १९८९ मध्ये लहानपणी छळ आणि आबाळ सोसलेल्या मुलांच्या पुढच्या आयुष्याच्या नोंदी तपासल्या. त्यांच्यात गुन्ह्याकडे वळण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त निघालं, पण बहुतेक मुलं त्या वाटेला गेलीच नव्हती. तरी एकदा बालक-किशोर पाहणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. झोप उडणं, मार्क एकदम घसरणं, मित्र तुटणं हे तुम्ही लिहिलंय, आणि मुलग्यांत नैराश्य पुष्कळदा चिडचिडीच्या रूपाने येतं. नशेचीही शंका फेडून घ्या. ससून रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, खर्चाचा प्रश्न असेल तर तिथे जा. तो येत नसेल तर आधी तुम्ही दोघं जा. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी नंबरवर कोणत्याही वेळी, मराठीतही बोलता येतं.

कधी थांबून चालणार नाही तेही लिहिते. गळा धरला, सुरी किंवा तसलं काही हातात घेतलं, तर पद्धत-बिद्धत बाजूला ठेवून घराबाहेर पडायचं आणि ११२ ला फोन करायचा. स्वतःला संपवायची भाषा केली तरी ११२ ला फोन करायचा, पण तेव्हा त्याला एकटं सोडायचं नाही, कुणीतरी मोठं माणूस जवळ हवं. पोलिसांना फोन म्हणजे पोराचं आयुष्य बरबाद अशी भीती असते. अठराच्या आतल्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, आणि तिथे समुपदेशनावर भर असतो. पुणे पोलिसांचा भरोसा सेल आहे, तिथे महिला आणि मुलांच्या तक्रारी ऐकून घेतात. आणि तुमच्या मिस्टरांचा हात तुमच्यावर पुन्हा उठला, तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा तुमच्यासाठी आहे, १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे. हे तुम्ही विचारलं नव्हतंत, तरी लिहिलं.

सासूबाई 'आमच्या वेळी मार खाऊनच पोरं मोठी झाली' म्हणतील. त्यांच्याशी वाद घालू नका, पण तुम्ही स्वतः मनात स्पष्ट असा. एलिझाबेथ गेरशॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये सुमारे १ लाख ६० हजार मुलांवरच्या, पाच दशकांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तोही पट्ट्याचा नाही, साध्या चापटीचा. मार खाणारी मुलं जास्त ऐकतात असं काही आढळलं नाही. आक्रमकपणा आणि पालकांशी बिघडलेलं नातं यांच्याशी मात्र माराचा संबंध दिसला. स्वीडनने घरातल्या मारावरही १९७९ मध्येच कायद्याने बंदी घातली. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतली छडी बंद केली, आणि घरातला पट्टा खुंटीवर तसाच राहिला. सासूबाईंना एक काम जरूर द्या: भांडण सुरू झालं की त्यांनी हॉलमधून 'दे की दोन' असं म्हणायचं नाही. तेवढं त्या आपल्या लेकाच्या सांगण्यावरून ऐकतील.

राहिला मोबाइल. रात्री काढून घेणं बंद करा, कारण तो हातातून घेण्याचा प्रत्येक प्रसंग म्हणजे कुस्ती आहे आणि ती तुम्ही हरणार. जे तुमच्या हातात आहे त्यावर नियम करा. वाय-फायचा राउटर तुमच्या खोलीत घ्या आणि साडेअकराला बंद करा, रोज, सगळ्यांसाठी, बाबांच्या फोनसकट. त्याचं रिचार्ज तुम्ही भरता. रोज किती डेटा पुरेसा आहे ते त्याच्याशी बसून ठरवा, क्लासचे व्हिडिओ त्यात मोजा, सुट्टीच्या आदल्या रात्री सूट द्या. त्याने एक-दोन अटी बदलून मागितल्या तर बदला. ठरलेलं मोडलं तर पुढचं रिचार्ज लहान पॅकचं, भाषण न करता. मोबाइलचा विषय तो कागद वाचल्याच्या दिवशी काढू नका, आठवडाभर जाऊ द्या, आणि सध्याचा पॅक संपायच्या चार दिवस आधी बोला.